शत्रूच्या मरणाची बातमी
(दावीद व शौल ह्यांच्या वृत्तांतावरून मंडळीसाठी एक पाठ)

शास्त्रभाग : १ शमुवेल ३१, २ शमुवेल १.
ताडून पाहावे : नीतिसूत्रे २४:१७-१८, ईयोब ३१:२९, यहेज्केल ३३:११, योना ४, रोम. ५:१०.



ज्या मनुष्याने आपला छळ केला तो मेला, अशी बातमी आली म्हणजे आपल्या मनात प्रथम काय उठते, हे ज्याने त्याने आपल्यापाशी खरे सांगावे. मी माझे सांगतो.

काही वर्षांपूर्वी ज्या मंडळीची सेवा मजकडे होती, त्या गावी कबरस्थानाकडे जाणारी जुनी पायवाट एका मोठ्या जमीनदाराच्या बांधावरून जात असे. एके वर्षी त्याने ती नांगरून टाकली व तिच्या तोंडाशी बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले. आम्ही विनवणी केली, गावचे चार वडील मध्ये घातले. परंतु त्याचे मन वळले नाही. त्याच पावसाळ्यात मंडळीतील एक वृद्ध आजी प्रभूमध्ये निजली. तिची पेटी आम्हांस ओढ्यातून न्यावी लागली. पाणी मांडीला लागत होते. मध्यावर एकाचा पाय सरकला, पेटी कलली व तिच्यात पाणी शिरले. तेव्हा तिच्या मुलीने जो हंबरडा फोडला तो मी अद्यापि विसरलो नाही.

पुढे दोन वर्षांनी तो जमीनदार एका रात्रीत मरण पावला. सकाळी तरुणांपैकी एक जण धावत आला व म्हणाला, “पाळकसाहेब, देवानं आपलं ऐकलं! तो गेला.” वर्गणी काढून पेढे वाटावे व येत्या रविवारी उपासनेत उपकारस्तुतीची प्रार्थना व्हावी, असे त्याचे म्हणणे होते. मी त्यास रागे भरलो असेन, असे कोणास वाटेल. परंतु खरे हे आहे की, माझ्या तोंडून “देवाची स्तुती असो” हे शब्द अगोदरच निघून गेले होते. तो मुलगा गेल्यावर मी एकटा बसलो, तेव्हा मला प्रश्न पडला की, मी स्तुती केली ती नक्की कशाची? त्या प्रश्नाने मला ज्या शास्त्रभागाकडे नेले तोच आज आपण पाहू.

१. दावीदास आनंद करण्यास किती कारण होते

शौल हा दावीदाचा नावापुरता शत्रू नव्हता. दावीद त्याच्यापुढे वीणा वाजवीत असता शौलाने त्याजवर भाला फेकला, आणि हे एकदाच झाले नाही (१ शमु. १८:११, १९:१०). त्यास ठार मारण्यासाठी शौलाने त्याच्या घरावर माणसे पाठविली. त्यास भाकर दिली एवढ्याच अपराधासाठी नोब येथील याजकांपैकी पंचाऐंशी जणांचा वध करविला (१ शमु. २२:१८). तीन हजार निवडक माणसे घेऊन तो रानोमाळ त्याचा पाठलाग करीत राहिला. दावीदाची बायको दुसऱ्यास देण्यात आली. शेवटी स्वदेशात राहणे अशक्य झाले म्हणून दावीद पलिष्ट्यांच्या मुलखात गेला व तेथे एक वर्ष चार महिने परक्याच्या आश्रयाने राहिला (१ शमु. २७:७).

दोनदा शौल त्याच्या हाती सापडला होता. एकदा एन-गेदीच्या गुहेत, व एकदा रात्री छावणीत झोपला असता. दोन्ही वेळा दावीदाच्या सोबत्यांनी म्हटले की, देवानेच त्यास तुझ्या हाती दिले आहे. हे आपण नीट ध्यानात धरावे. शत्रूचा नाश करण्यास उतावीळ झालेले मन देवाचे नाव फार लवकर घेते. दावीदाने ते ऐकले नाही. गुहेत त्याच्या झग्याचा काठ कापला, छावणीत त्याचा भाला व पाण्याचा चंबू उचलून नेला, परंतु त्याच्या जिवास हात लावला नाही.

२. बातमी आणणारा व बातमी ऐकणारा

गिलबोवा डोंगरावर इस्राएलाचा मोड झाला. शौलाचे तीन पुत्र पडले, त्यांत दावीदाचा जिवलग योनाथान होता. आणि बाणांनी घायाळ झालेला शौल आपल्याच तरवारीवर पडून मेला. तिसऱ्या दिवशी एक अमालेकी तरुण सिकलाग येथे दावीदाकडे आला. वस्त्रे फाटलेली, डोक्यात धूळ. बाहेरून सर्व चिन्हे शोकाची. परंतु हातात काय होते? शौलाचा मुकुट व त्याच्या दंडातले कडे. राजाच्याच सांगण्यावरून मी त्यास मारले, असे तो म्हणाला. पहिल्या पुस्तकातील वृत्तांताशी हे जुळत नाही. तेव्हा बक्षिसाच्या आशेने त्याने ही गोष्ट रचिली असावी, असे पुष्कळ टीकाकारांस वाटते. त्याचा हिशेब सरळ होता : शत्रूच्या मरणाची बातमी जो प्रथम आणतो, त्याचे तोंड गोड होते.

त्याचा हिशेब चुकला. दावीदाने आपली वस्त्रे फाडली, आणि त्याने व त्याच्या माणसांनी संध्याकाळपर्यंत रडून उपवास केला. अभिषिक्तावर हात टाकल्याचे त्या तरुणाने स्वमुखाने कबूल केले, म्हणून त्यास मरणदंड झाला. तो त्या काळच्या राजाचा न्याय होय; त्याचा कित्ता आपण गिरवावा असे शास्त्र सांगत नाही. आपण पाहावयाचे ते दावीदाच्या अंतःकरणाकडे.

कोणी म्हणेल की, तो योनाथानासाठी रडला. होय, परंतु एकट्या योनाथानासाठी नव्हे. त्याने जे विलापगीत रचिले व यहूदाच्या लोकांस शिकवावे म्हणून सांगितले, त्यात शौलाचे नाव योनाथानाच्या बरोबरीने आले आहे. पलिष्ट्यांच्या गथ व अष्कलोन ह्या नगरांत ही वार्ता जाऊ नये, नाहीतर तेथील कन्या हर्ष करतील, अशी त्यात चिंता आहे. शौलाच्या राज्यात इस्राएलाच्या कन्यांस उंची वस्त्रे व अलंकार मिळाले, ह्याची आठवण त्यात आहे. भाल्याची आठवण नाही, नोबच्या याजकांची नाही, रानातल्या पाठलागाची नाही.

मग दावीदाने सत्य लपविले काय? नाही. शौलाचे अपराध शमुवेलाच्या पुस्तकात उघड लिहिलेले आहेत आणि आजपर्यंत सर्व जग ते वाचीत आहे. मेलेल्याचे पाप पुण्य म्हणून सांगणे हा शोक नव्हे, ते असत्य होय. परंतु प्रत्येक सत्याची एक वेळ असते. आणि ज्या दिवशी मनुष्य देवाच्या न्यायासनापुढे गेला, त्या दिवशी त्याचा हिशेब आपण चव्हाट्यावर वाचून टाळ्या पिटाव्या, ह्याचे कारण उरत नाही.

३. भिंतीवरील प्रेत

ह्याच वृत्तांतात शत्रूच्या मरणाचा आनंद करणारे लोकही आहेत. पलिष्ट्यांनी शौलाचे मस्तक कापिले, त्याची शस्त्रे आपल्या देवळात ठेविली, आणि त्याचे धड बेथ-शानच्या भिंतीवर टांगिले. ते ऐकून याबेश-गिलादचे शूर पुरुष रातोरात चालत गेले, त्यांनी शौलाचे व त्याच्या पुत्रांचे देह खाली काढिले, त्यांच्या अस्थी पुरिल्या व सात दिवस उपवास केला. शौलाने आपल्या राज्याच्या आरंभी नाहाश अम्मोनीच्या हातून त्यांचे नगर सोडविले होते (१ शमु. ११), तो उपकार ते विसरले नव्हते. राजा झाल्यावर दावीदाने ह्या लोकांकडे माणसे पाठवून त्यांचे आभार मानिले.

बेथ-शानची भिंत जुन्या काळातच राहिली असे समजू नये. इटली देशात मिलान शहराच्या एका चौकात १० ऑगस्ट १९४४ रोजी मुसोलिनीच्या पक्षाच्या शिपायांनी पंधरा बंदिवानांस गोळ्या घालून त्यांची प्रेते लोकांस दहशत बसावी म्हणून तेथेच पडू दिली. पुढे २८ एप्रिल १९४५ रोजी मुसोलिनी मारला गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच चौकात त्याचे प्रेत उलटे टांगण्यात आले. जमावाने त्याची विटंबना केली. त्या लोकांनी काय सोसले होते हे जाणून, त्यांचा न्याय करण्यास आपण घाई करू नये. परंतु एवढे तरी दिसते की, ज्या कृत्याने त्यांचे हृदय फाटले होते, तेच कृत्य त्याच जागी त्यांच्या आनंदाचे चिन्ह झाले. शत्रूच्या मरणाचा उत्सव आपल्यास शत्रूसारखेच करून सोडतो. शत्रू जातो, पण जाता जाता आपली रीत आपल्या घरी ठेवून जातो.

४. शास्त्रात आनंदाची गीते आहेत, त्यांचे काय?

ही शंका खरी आहे व ती टाळू नये. तांबडा समुद्र उतरून गेल्यावर मोशे व मिर्याम ह्यांनी गीत गाइले (निर्गम १५). दुष्टांचा नाश होतो तेव्हा नगरात जयघोष होतो, असे नीतिसूत्रे ११:१० मध्ये सांगितले आहे. आणि दावीद स्वतः? नाबालाच्या मरणाची बातमी ऐकून ह्याच दावीदाने परमेश्वराचा धन्यवाद केला (१ शमु. २५:३९). म्हणजे तोही सर्व प्रसंगी सारखा नव्हता.

तरी पाहा, नाबालाच्या वेळी त्याच्या धन्यवादात एक गोष्ट विशेष आहे : देवाने मला दुष्कर्मापासून आवरिले. चारशे माणसे घेऊन तो नाबालाचे घर बुडवावयास निघाला होता, व अबीगईलने त्यास वाटेत थांबविले होते. तसेच तांबड्या समुद्राचे गीत हे दासांचे गीत होय. ज्यांची मुले नदीत फेकण्यात आली होती, त्यांच्यामागे रथ धावत येत होते, आणि आता ते वाचले होते. वाचलेल्याने गाऊ नये, असे कोण म्हणेल? परंतु त्याच यहूदी लोकांच्या जुन्या शिक्षकांनी एक कथा सांगितली आहे की, मिसरी लोक बुडत असता देवदूत गावयास निघाले, तेव्हा देवाने त्यांस गप्प केले. कारण बुडणारेही त्याच्याच हातची कृती होती. आजही पुष्कळ यहूदी घरांत वल्हांडणाच्या रात्री मिसरातील दहा पीडांची नावे घेताना पेल्यातून द्राक्षारसाचा एकेक थेंब काढून टाकितात. त्याचा एक अर्थ असा सांगतात की, दुसऱ्याच्या मरणाने आपली सुटका झाली, म्हणून आपल्या आनंदाचा पेला काठोकाठ भरलेला नसावा.

ह्यावरून भेद स्पष्ट होतो. जुलूम थांबला, म्हणून देवाचे उपकार मानणे हे योग्य आहे. ज्याच्या मानेवरून जू निघाले त्यास आपण म्हणू नये की, तू सुटकेचा श्वासही घेऊ नकोस. अबशालोमासाठी दावीद इतका रडला की, त्यास वाचविणारे शिपाई चोरासारखे मान खाली घालून नगरात शिरले, आणि यवाबाने त्यास कठोर शब्दांत जागे केले (२ शमु. १९). शत्रूविषयीची आपली दया दुःख सोसलेल्या लोकांस लाजविणारी नसावी. परंतु सुटकेचा आनंद एक, आणि मरणाचा आनंद दुसरा.

५. एक परीक्षा

हे दोन आनंद मनात एकमेकांत मिसळलेले असतात. दूध कोणते व पाणी कोणते हे कसे ओळखावे? मला एक परीक्षा सापडली आहे, ती सांगतो. आपल्यास असे विचारावे : तो मनुष्य मेला नसता, पण पश्चात्ताप करून पालटला असता, स्वतःच्या हाताने कुंपण काढून, आपल्या दारी येऊन क्षमा मागता झाला असता, तर मला इतकाच आनंद झाला असता काय?

झाला असता, असे जर मन म्हणेल, तर आपला आनंद सुटकेचा आहे. परंतु जर मनास असे वाटेल की, तो असा सुखासुखी सुटावयास नको होता, तर आपला आनंद त्याच्या मरणाचा आहे.

योना ह्याच परीक्षेत सापडला. निनवे हे त्याच्या लोकांच्या शत्रूंचे नगर. तेथील लोकांनी पश्चात्ताप केला, नाश टळला, आणि संदेष्ट्यास इतका राग आला की, त्याने आपलेच मरण मागितले. एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे वाचली, ह्याचे त्यास दुःख झाले! देवाने त्यास जो प्रश्न विचारिला त्यावरच ते पुस्तक संपते. योनाने काय उत्तर दिले हे लिहिलेले नाही. ते आपणांपैकी प्रत्येकाने द्यावयाचे आहे.

देवाचे स्वतःचे उत्तर यहेज्केलाच्या पुस्तकात आहे : दुर्जनाच्या मरणाने त्यास संतोष होत नाही, तर त्याने आपला मार्ग सोडून जगावे ह्याने होतो. आणि पौल रोमकरांस स्मरण देतो की, आपण शत्रू असतानाच देवाचा आपल्याशी समेट झाला, व तो त्याच्या पुत्राच्या मरणाने झाला. शत्रूंच्या यादीत आपलेही नाव होते, बंधुजनहो. आपल्या मरणाची बातमी ऐकून स्वर्गात पेढे वाटावे, असे देवाने ठरविले असते तर आपली गती काय झाली असती?

६. शत्रूच्या मरणाने काय होत नाही

आणखी एक गोष्ट व्यवहाराची आहे. शौल मेला म्हणून दावीदाचा मार्ग लागलीच मोकळा झाला नाही. शौलाचे घराणे व दावीदाचे घराणे ह्यांच्यामध्ये पुष्कळ दिवस युद्ध चालले (२ शमु. ३:१), आणि हेब्रोनात साडेसात वर्षे काढल्यावर तो सर्व इस्राएलाचा राजा झाला. मध्यंतरी दोन भावांनी शौलाचा पुत्र ईश-बोशेथ ह्यास त्याच्या बिछान्यावर मारिले व त्याचे मस्तक दावीदाकडे आणिले. त्यांनाही बक्षीस हवे होते. सिकलागच्या बातमीचा शेवट त्यांनी ऐकला नसावा.

दुष्टपणा एका मनुष्याच्या देहात राहत नाही की त्याजबरोबर पुरला जावा. तो रीतीत, भीतीत, कागदात व मुलांच्या मनात राहतो. तेव्हा एकाच्या मरणाचा उत्सव करून जे लोक स्वस्थ बसतात, ते खऱ्या कामास मुकतात.

७. उपदेशकांस सूचना

मंडळीचा छळ करणारा कोणी मेला, तर पुढील गोष्टी पाळाव्या.

पहिली : त्या दिवशी वस्तीत वाद्ये, फटाके, मिठाई ह्यांस मनाई करावी. तरुणांस नुसते दटावू नये. त्यांच्याजवळ बसून त्यांचे दुःख ऐकून घ्यावे, कारण त्यांच्या हर्षाच्या तळाशी बहुधा जुना अपमान असतो.

दुसरी : ज्या घरास त्या मनुष्याने अधिक दुःख दिले, त्या घरी प्रथम जावे. तुमचे सोसणे देव विसरला नाही, हे त्यांस सांगावे. आजच्या आज क्षमा करा, अशी सक्ती करू नये.

तिसरी : मृताच्या घरी विधवा व लेकरे आहेत हे विसरू नये. जाणे शक्य असेल तर जावे; नसेल तर वाटेत सामना झाल्यास पागोटे वा टोपी काढून उभे राहावे.

चौथी : अन्याय शिल्लक असेल तर तो दूर करण्याचा कायदेशीर प्रयत्न सोडू नये. शत्रूवर प्रीती करणे म्हणजे आपला हक्क बुडू देणे नव्हे.

आता त्या गावाची गोष्ट संपवितो. त्या सकाळी मी ओढ्यात पेटी कललेल्या आजीच्या मुलीकडे गेलो. पेढ्यांची गोष्ट तिच्या कानी गेली होती. ती थोडा वेळ चूल फुंकीत राहिली, मग म्हणाली, “पाळकसाहेब, माझ्या आईच्या मयताला त्यानं वाट दिली नाही. त्याच्या मयताची वाट आपण तरी अडवू नये.” अंत्ययात्रा आमच्या वस्तीवरूनच जावयाची होती, आणि शेजारच्या लग्नाचा मांडव रस्त्यावर आला होता. तिने आपल्या भावास उठविले, आणि पेढ्यांसाठी आलेल्या त्याच मुलाने दोघांबरोबर मांडवाच्या मेढी उपटून वाट मोकळी केली. यात्रा गेली तेव्हा आम्ही कडेला उभे होतो. कोणी काही बोलले नाही.

कुंपण दुसऱ्या दिवशी निघाले नाही. अर्ज झाले, मोजणी झाली, मृताच्या मुलांशी बोलणी झाली, आणि पायवाट मिळण्यास आणखी दीड वर्ष लागले. ज्या रविवारी आम्ही त्या वाटेने प्रथम गेलो, त्या रविवारी मी उपासनेत उपकारस्तुतीची प्रार्थना केली. ह्या वेळी ती कशासाठी होती, हे मला ठाऊक होते.

विचारासाठी प्रश्न

१. शौल हाती सापडला असता दावीदाच्या सोबत्यांनी देवाचे नाव का घेतले? आपण कधी असे करतो काय?
२. दावीदाच्या विलापगीतात कोणत्या गोष्टींचे स्मरण आहे व कोणत्या गोष्टी वगळल्या आहेत?
३. सुटकेचा आनंद व मरणाचा आनंद ह्यांतील भेद आपल्या गावच्या एका उदाहरणाने सांगा.
४. योनास विचारलेल्या प्रश्नाचे आपण काय उत्तर द्याल?
५. ज्याच्या मरणाची बातमी ऐकण्याची आपण वाट पाहत आहो, असा कोणी मनुष्य आहे काय? असल्यास ह्या आठवड्यात तो जिवंत असतानाच नाव घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना करा.